डिस्चार्जनंतरचा खर्च : म्हातारपणीच्या सेवेची आर्थिक तयारी कशी करावी

म्हातारपणासाठी पैसे ठेवायचे म्हटले की बहुतेक घरांत बोलणे दोन गोष्टींवर संपते. पेन्शन किती येईल आणि मेडिक्लेम किती लाखांचा आहे. दोन्ही गरजेच्या आहेत, पण मध्यमवर्गीय घर ज्या खर्चाने खरोखर वाकते तो या दोन्हींच्या मधल्या फटीत बसलेला असतो. पक्षाघाताचा झटका येतो, आठ-दहा दिवस रुग्णालयात जातात, विमा कंपनी बिल भरते आणि डिस्चार्ज मिळतो. फाइल हातात देताना सिस्टर सहज विचारते, "घरी मावशी ठेवलीय ना?" तिथून जो खर्च सुरू होतो त्याला विमा नाही आणि शेवटची तारीखही नाही.

हे थोड्यांच्याच वाट्याला येते असेही नाही. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या, उतारवयातल्या लोकांच्या आरोग्याच्या ‘लासी’ पाहणीत साठीपुढच्या साधारण चौघांतल्या एकाला आंघोळ, कपडे, जेवण, शौचाला जाणे अशा रोजच्या कामांपैकी किमान एकात अडचण असल्याचे आढळले. त्याच पाहणीला जोडून झालेल्या अभ्यासात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असल्याचा अंदाज निघाला. म्हणून या खर्चाची आखणी पेन्शन आणि मेडिक्लेमपासून वेगळी, तिसऱ्या खात्यात करायला हवी. पन्नाशी-साठीतल्या ज्या माणसाला स्वतःसाठी किंवा आई-वडिलांसाठी ही आखणी करायची आहे, त्याच्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेत.

१. आधी महिन्याचा आकडा काढा

‘म्हातारपणी पंचवीस-तीस लाख लागतील’ असा मोघम आकडा काही कामाचा नाही. सेवेचा खर्च महिन्याचा असतो, तेव्हा हिशेबही महिन्याचाच करा. घरी रुग्णसेवेला माणसे पुरवणाऱ्या आपल्या भागातल्या तीन ब्युरोंना फोन लावा आणि १२ तासांच्या व २४ तासांच्या मावशीचा किंवा मामांचा, म्हणजे रुग्णाचे सगळे करणाऱ्या बाईचा किंवा पुरुषाचा, दर विचारा. पुण्यातला दर सोलापुरात नसतो आणि ठाण्यातला नाशकात नसतो, म्हणून पेपरातल्या आकड्यावर विसंबू नका.

नमुना म्हणून एका अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा महिना मांडू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुम्ही आपले घाला.

२४ तासांची मावशी, दिवसाला १,१०० रुपये : ३३,०००
मावशीचे जेवण, चहा : ३,५००
डायपर, अंडरपॅड, हातमोजे, क्रीम : ५,०००
औषधे : ४,५००
फिजिओथेरपिस्ट, एका भेटीचे ५०० प्रमाणे १५ भेटी : ७,५००
फाऊलर बेड (डोके-पाय वरखाली करता येणारी खाट) आणि एअर मॅट्रेसचे भाडे : २,५००
डॉक्टरांची घरभेट, तपासण्या : २,०००
एकूण : ५८,०००

वर्षाचे झाले ६,९६,०००. तीन वर्षे चालले तर जवळजवळ २१ लाख. यात घराचा नेहमीचा खर्च धरलेलाच नाही; वीज, किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळे चालूच असते. नाकातून नळी, कॅथेटर, सक्शन किंवा ऑक्सिजन लागला तर मावशीऐवजी प्रशिक्षित नर्स घ्यावी लागते आणि आकडा झपाट्याने वर जातो.

आता महागाई. सेवेचा मुख्य खर्च माणसाच्या मजुरीचा आहे आणि मजुरी दर वर्षी वाढते. ८ टक्के वाढ धरली तर आजचे ५८,००० दहा वर्षांनी सव्वा लाखाच्या घरात जातात, वीस वर्षांनी २ लाख ७० हजारांच्या. पन्नाशीतल्या माणसाने ‘आजच्या दराने पुरेल’ असे म्हणून सुटू नये.

सगळेच थेट अंथरुणाला खिळत नाहीत, हेही खरे. बहुतेकांची वाट उतरणीची असते: आधी फक्त स्वयंपाकाला बाई आणि रिक्षाचा खर्च, मग दिवसा सोबतीला कुणीतरी, मग दिवस-रात्र. तिन्ही टप्प्यांचे तीन आकडे एका कागदावर लिहा. पहिल्या टप्प्याचे पैसे पेन्शनमधून निघतात, तिसऱ्याचे निघत नाहीत. पेन्शन आणि तिसऱ्या टप्प्याचा आकडा यांच्यातली तूट म्हणजे तुमच्या आखणीचा खरा विषय.

आणि हा कागद नवरा-बायको दोघांसाठी वेगवेगळा करा. आपल्याकडे बायको सहसा वयाने लहान असते आणि जास्त जगते. नवऱ्याची सेवा ती स्वतः करते, तिच्या वेळी मात्र घरात करणारे कुणी उरलेले नसते. जुन्या पद्धतीच्या सरकारी पेन्शनमध्ये मूळ पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के असते आणि कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे ३० टक्के, म्हणजे ४०,०००चे २४,००० होतात. खासगी नोकरीत भविष्य निर्वाह निधीबरोबर मिळणाऱ्या ईपीएस पेन्शनची तर किमान रक्कम २०१४ पासून १,००० रुपये आहे. पहिल्याच्या आजारपणात सगळी पुंजी संपली की दुसऱ्याचे हाल होतात. तेव्हा एकूण तयारीतली निम्म्याहून जास्त रक्कम मागे राहणाऱ्यासाठी आहे असेच समजून चाला.

२. विमा कुठे थांबतो ते ओळखून ठेवा

आपली आरोग्य विम्याची पॉलिसी काढा आणि वगळलेल्या बाबींची यादी वाचा. तिथे ‘एक्सक्ल ०५’ या संकेतांकाखाली विश्रांती, पुनर्वसन आणि रेस्पाइट केअरचे (घरच्यांना उसंत मिळावी म्हणून घेतलेल्या तात्पुरत्या सेवेचे) कलम सापडेल. आंघोळ घालणे, कपडे बदलणे, हिंडायला-फिरायला मदत करणे अशी सेवा, मग ती घरी असो की केंद्रात, विम्यात बसत नाही असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. एजंट हे कलम वाचून दाखवत नाही. घरी घेतलेल्या उपचाराचा खर्च देणारी ‘डोमिसिलिअरी’ची तरतूद असते, पण ती रुग्णालयात दाखल करण्याजोग्या रुग्णाला हलवता येत नसेल किंवा खाट मिळत नसेल तेव्हाच्या उपचारांसाठी. मावशीच्या पगारासाठी नव्हे.

तरी विमा हवाच, कारण रुग्णालयाचे एक मोठे बिल सेवेची पुंजी आधीच खाऊन टाकते. एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घेण्याला ६५ वर्षांची जी वरची मर्यादा होती ती उठली आहे आणि आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आला आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी बोलावे लागते. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये गेला. मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. त्याची नोकरी बदलली की ते छत्र गेले.

सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता ७० वर्षांवरच्या सगळ्यांना या योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हेही दाखल रुग्णापुरतेच, आणि आपल्या घराजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे ते आजच पाहून ठेवावे. रात्री दोन वाजता ही चौकशी होत नाही.

३. पैसे तीन कप्प्यांत ठेवा

पहिला कप्पा सहा महिन्यांच्या सेवेचा, म्हणजे वरच्या हिशेबाने साडेतीन लाखांच्या आसपास. हा बचत खात्यात आणि सहज मोडता येईल अशा मुदतठेवीत ठेवा. व्याज कमी मिळेल, मिळू दे. झटका आला त्या आठवड्यात एकदम पैसे लागतात: ब्युरोची नोंदणी, बेड, बाथरूममधल्या दांड्या, कमोड खुर्ची.

दुसरा कप्पा नियमित उत्पन्नाचा. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. व्याज ८.२ टक्के धरले तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. दोघांनी पूर्ण रक्कम ठेवली तर ४१,०००. दर सरकार तिमाहीला जाहीर करते, पण खाते उघडतानाचा दर पाच वर्षे टिकतो. टपाल खात्याच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त खात्यावर १५ लाख ठेवून ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५० मिळतात. आता या रकमा ५८,०००च्या शेजारी ठेवून पाहा. दोघांची मिळून ७५ लाखांची ठेव असूनही तिसरा टप्पा नुसत्या व्याजात भागत नाही, मुद्दलाला हात लावावा लागतो. तो लावायचा, त्यात काही चूक नाही. मुद्दल मुलांसाठी राखायचे आणि स्वतः अंडरपॅड धुऊन वाळवायचे, हा हट्ट कशासाठी?

एक खबरदारी. ज्येष्ठ नागरिक योजनेचे खाते वर्षाच्या आत मोडले तर व्याज मिळत नाही, पुढे मोडले तर मुद्दलातून दीड किंवा एक टक्का कापला जातो. म्हणून सगळी रक्कम एकाच दिवशी एकाच खात्यात घालण्यापेक्षा दोन-तीन खात्यांत विभागा.

तिसरा कप्पा ज्यांना अजून दहा-पंधरा वर्षे आहेत त्यांचा. मजुरी ८ टक्क्यांनी वाढत असताना मुदतठेवीचे करोत्तर व्याज तिच्यामागे धावून पोचत नाही. पन्नाशीत असाल तर या कप्प्यातला काही भाग म्युच्युअल फंड किंवा एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) असायला हवा आणि साठीनंतर तो हळूहळू दुसऱ्या कप्प्यात उतरवायला हवा. दीर्घकालीन सेवेचा स्वतंत्र विमा परदेशात मिळतो, आपल्याकडे असा पर्याय जवळजवळ नाहीच. त्यामुळे ‘म्हातारपणाची हमी’ देणारी गुंतवणूक-विमा मिश्रणाची योजना कुणी गळ्यात मारायला आले तर दारातच निरोप द्या.

४. घर ही पुंजी आहे, पण घाई नको

मराठी मध्यमवर्गाची बहुतेक संपत्ती चार भिंतींत अडकलेली असते. तीनमजली, बिनलिफ्टची जुनी इमारत, गुडघे गेलेले, आणि फिजिओसाठी खाली उतरायचे तर दोन माणसांनी खुर्चीत बसवून आणायचे. दादर असो की सदाशिव पेठ, चित्र तेच. पाय धड असताना मोठे घर विकून लिफ्ट असलेले लहान घर घेणे हा मला सगळ्यांत शहाणपणाचा व्यवहार वाटतो. उरलेली रक्कम थेट दुसऱ्या कप्प्यात जाते. सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर भाड्याच्या घरातल्या दोन-तीन वर्षांत सेवा कशी चालेल याचा विचार संमतीपत्रावर सही करण्याआधी करा.

रिव्हर्स मॉर्गेज २००७-०८ च्या अर्थसंकल्पापासून उपलब्ध आहे. साठीपुढच्या घरमालकाला बँक घराच्या तारणावर हप्त्याने पैसे देते, तो घरात राहतो, फेड त्याच्या पश्चात घर विकून किंवा वारसांकडून होते. मिळणारी रक्कम करमुक्त असते. फार थोडे लोक हे घेतात, कारण घर गहाण टाकले म्हणायची लाज. मूलबाळ नसलेल्यांनी किंवा ज्यांची मुले परदेशात स्थिरावली आहेत त्यांनी निदान चौकशी करावी.

आणि एक गोष्ट टाळा. महाराष्ट्रात राहते घर मुलाला किंवा नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार काय पडेल तो. स्वस्तात होते म्हणून जिवंतपणीच घर नावावर करून देण्याचा मोह होतो. तो आवरा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार ‘सांभाळ करीन’ या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागता येते आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले. पण त्यासाठी ऐंशीव्या वर्षी प्रांताधिकाऱ्यांसमोर आपल्याच मुलाविरुद्ध उभे राहावे लागते. मृत्युपत्र करा, तेवढे पुरते. द्यायचेच असेल तर सांभाळाची अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहून घ्या.

५. सही करता येणार नाही त्या दिवसाची तयारी

पैसे आहेत पण काढता येत नाहीत, ही अवस्था पैसे नसण्याइतकीच वाईट, आणि ती फार घरांत येते. वडील शुद्धीवर नाहीत, मुदतठेव त्यांच्या एकट्याच्या नावावर, फोनचा पिन कुणाला माहीत नाही.

बँक खाती आणि मुदतठेवी ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात’ पद्धतीने संयुक्त करून घ्या. मुदतठेवीच्या पावतीवर हे वेगळे लिहावे लागते, आणि मुदतीआधी मोडण्याचा अधिकार एकट्याला आहे का हेही काउंटरवर विचारा. नॉमिनी हा मृत्यूनंतरच कामाला येतो. आजारपणात त्याचा काही उपयोग नाही. हात चालत नाही पण भान आहे, अशा खातेदाराला अंगठा किंवा खूण करून पैसे काढता येतात. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी.

भान गेले तर मात्र सगळे अडते. इथे कुलमुखत्यारपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. ‘मुलाच्या नावे पॉवर ऑफ ॲटर्नी केली आहे, काळजी नाही’ असे लोक सांगतात. भारतीय करार कायद्यानुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की ते मुखत्यारपत्रही संपते, म्हणजे नेमके हवे तेव्हाच. मग उरतो उच्च न्यायालयात पालक नेमणुकीचा अर्ज, वकील आणि तारखा. डिमेन्शियाची सुरुवातीची लक्षणे दिसताच, निदानाच्या कागदावर अजून ‘सौम्य’ लिहिलेले आहे तोवर, खाती संयुक्त करणे आणि मृत्युपत्र हे दोन्ही उरकून घ्या. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, दोन साक्षीदार मात्र हवेत. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडा.

अखेरच्या काळात व्हेंटिलेटर हवा की नको, हेही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. खर्चाच्या लेखात हे कशाला, असे वाटेल. अतिदक्षता विभागात ‘काय करायचे’ या प्रश्नावर भावंडे अडून बसली की रोजचे बिल वाढत राहते, म्हणून.

६. माणसे शोधण्याची पद्धत

ब्युरोला दर विचारून फोन ठेवू नका. महिन्यात सुट्ट्या किती, त्या दिवशी बदली माणूस येणार का आणि त्याचा दर काय? गौरी-गणपती आणि दिवाळीत मावशी गावाला जातात, तेव्हा काय? रुग्णाचे वजन जास्त असेल तर जादा घेता का? मावशी रुग्णाचे कपडे धुईल का, की ‘फक्त पेशंटचेच बघणार’? पहिल्या महिन्यात माणूस पटला नाही तर नोंदणी फी परत मिळते का? ओळखपत्राची प्रत आणि पोलिस पडताळणी मागा. पैसे ब्युरोच्या खात्यात गेले तर मावशीच्या हाती किती पडतात तेही विचारा. जिला कमी मिळते ती दोन महिन्यांत जाते, आणि दर नव्या माणसाबरोबर रुग्णाचा खर्च आणि त्रास दोन्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

बेड, वॉकर, व्हीलचेअर विकत घेण्याआधी गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राकडे चौकशी करा. अनामत ठेवून अगदी कमी भाड्यात वस्तू मिळतात. कर्करोगासारख्या आजारात वेदनाशामक सेवेसाठी पुण्यात वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते.

घरात शक्यच नसेल तर वृद्धाश्रम पाहताना पहिला प्रश्न हा ठेवा: हिंडत्या-फिरत्या माणसालाच घेता, की अंथरुणावरच्यालाही? अनेक ठिकाणी आत येताना हिंडते असलेच पाहिजे आणि अंथरुण धरले की नातेवाइकांना बोलावून घेतात. ही अट प्रवेशाच्या फॉर्मवर बारीक अक्षरात असते. दुसरे, अनामत किती परत मिळते आणि किती दिवसांत. तिसरे, रात्री किती रुग्णांमागे किती माणसे. ठरवून सकाळी जाण्यापेक्षा न सांगता संध्याकाळी सहा-सातला जा. डायपर बदलल्याचा किंवा न बदलल्याचा वास तेव्हाच कळतो.

७. भावंडांत हिशेब उघडा ठेवा

परदेशातला मुलगा पैसे पाठवतो, जवळ राहणारी मुलगी किंवा सून करते, आणि पाच वर्षांनी वाटणीच्या वेळी दोघांनाही आपणच जास्त केले असे वाटते. घरच्या माणसाच्या श्रमाला किंमत लावा. वरच्या यादीत मावशीचे ३३,००० आहेत. सून ते काम करत असेल तर घराचे तेवढे वाचतात आणि तिचे तेवढे जातात, नोकरी सोडली असेल तर त्याहून जास्त. एक वेगळे बँक खाते उघडा, सगळ्यांनी ठरलेला वाटा दरमहा त्यात टाकायचा आणि सेवेचा प्रत्येक रुपया त्यातूनच जायचा. खाते बघण्याचा अधिकार सगळ्यांना. २००७ च्याच ज्येष्ठ नागरिक कायद्याने सांभाळाची जबाबदारी मुलगा-मुलगी दोघांवर सारखीच आहे, सून-जावयावर नाही. या कायद्याखालचे न्यायाधिकरण आई-वडिलांना मुलांकडून जास्तीत जास्त महिना १०,००० देववू शकते. वरच्या ५८,०००समोर ती रक्कम किती पुरेल ते दिसतेच आहे.

पैसे मुळातच नसतील तर

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधारांना महिना १,५०० मिळतात, पण कौटुंबिक उत्पन्नाची अट २१,००० रुपये वार्षिक इतकी खाली आहे की अनेक गरजू बाहेर राहतात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये. तहसील किंवा समाजकल्याण कार्यालयात अर्ज करता येतो. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ यावर मार्गदर्शन मिळते. या रकमांत सेवा होत नाही. हातावर पोट असलेल्या घराने पैशांपेक्षा माणसांची आखणी करावी: कोण कोणत्या दिवशी येणार, शेजारी कुणाकडे किल्ली, वस्तीतल्या आशाताईंचा (आरोग्य सेविकेचा) नंबर.

कर आणि वर्षाची उजळणी

जुन्या करप्रणालीत राहिलात तर ज्येष्ठांच्या विमा हप्त्यावर, आणि विमाच नसेल तर औषधोपचारावर, ५०,००० पर्यंत वजावट आहे. अवलंबून असलेल्या पालकांना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि पक्षाघातानंतर ते मिळू शकते, तर ७५,०००, तीव्र अपंगत्वाला सव्वा लाख. नव्या प्रणालीत यातले काही नाही. ज्या वर्षी सेवेचा खर्च सुरू होईल त्या वर्षी दोन्ही प्रणालींत कर काढून पाहा.

केंद्र सरकारच्या निवृत्तांची मूळ पेन्शन ८०व्या वर्षी २० टक्क्यांनी वाढते. ती आपोआप लागली का हे पासबुकात तपासा. ही आणि बाकीची उजळणी नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याच्या वेळीच उरका, नाहीतरी तेव्हा फाइल बाहेर निघतेच. ब्युरोंना पुन्हा फोन लावून नवे दर कागदावर घाला, ठेवींच्या मुदती बघा, आणि मुलाने मध्यंतरी फोन नंबर बदलला असेल तर बँकेत तो बदलून घ्या.